रत्नागिरी वाचायची ती बंदराकडून

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत आपल्याकडे लागू झालेला साथरोग कायदा 1897 चा आहे, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. केंद्र सरकारला प्रवासाची साधनं अडवून तपासण्याचा अधिकार देणारं जे कलम त्यात आहे, त्यात 2020 च्या दुरुस्तीपर्यंत बस नव्हती, रेल्वे नव्हती, ट्रक नव्हता, विमानही नव्हतं. होतं ते जहाज, बंदरात येणारं आणि बंदरातून सुटणारं.

कोकणाच्या दृष्टीने यात नवल काहीच नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा कोकणी माणूस गावी पळाला तो बोटीने. 2020 मध्ये चाकरमानी अडला तो मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी घाटातल्या नाक्यावर, हातात ई-पास धरून. सव्वाशे वर्षांत गावात शिरायची वाट समुद्रावरून घाटात गेली आणि आपण ती गेली हेच विसरलो. माझं म्हणणं एवढंच आहे की रत्नागिरी हे समुद्राकडे तोंड करून बसलेलं शहर आहे. आपण मात्र रोज त्यात पाठीमागून शिरतो, म्हणून ते आपल्याला कळत नाही. 2021 च्या लॉकडाऊनमध्ये एसटी, रेल्वे आणि पर्यटकांच्या गाड्या थंडावल्या तेव्हा हे नीट दिसत होतं. ते बघून, मोजून, लिहून ठेवायला हवं. 

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. यासाठी मुद्दाम फिरायला बाहेर पडायची गरज नाही. सकाळी सामान आणायला जातोच, तेव्हा वाटेत दिसेल तेवढंच बघा, घोळका न करता. पुढे सांगतोय त्यातलं निम्म्याहून अधिक काम घरात बसून होतं.

शहराचा कणा डोळ्यांपुढे आणा. मांडवी, बंदर रोड, रामआळी, गोखले नाका, जयस्तंभ, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव, आणि तिथून पुढे मुंबई-गोवा महामार्गावरचं हातखंबा. हा रस्ता बहुतेकांच्या डोक्यात हातखंब्याकडून सुरू होतो आणि मांडवीला भेळ खाऊन संपतो. तो उलटा वाचा. माल उतरायचा मांडवीला. बाजारपेठ भरली ती बंदराच्या अंगाला. कचेऱ्या चढावर बसल्या. मोटारी आल्या तशी वस्ती सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळी पठाराकडे सरकली आणि एसटी स्टँडला जागा मिळाली ती जुन्या पेठेच्या वर. शेवटी रेल्वे आली ती शहरापासून पाच-सहा किलोमीटर आत. स्टेशन इतकं लांब का, म्हणून अजूनही लोक बोटं मोडतात. त्याचं कारण सरळ आहे. कोकण रेल्वेचा चढ 150 मीटरला 1 मीटर याच्या वर जाऊ द्यायचा नव्हता आणि वळणं 1250 मीटर त्रिज्येच्या आत घ्यायची नव्हती. समुद्रसपाटीच्या पेठेपर्यंत उतरून पुन्हा सड्यावर चढणं त्या हिशोबात बसतच नाही. म्हणून मार्ग आतून गेला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल हे त्याच हट्टाचे परिणाम. प्रत्येक नवं साधन समुद्रापासून एकेक टप्पा लांब गेलं, आणि या कण्यावर ते टप्पे ओळीने दिसतात.

बंदराचं सगळं गणित वाऱ्याचं. भगवतीच्या किल्ल्याचं टोक पश्चिमेला समुद्रात घुसलेलं आहे. त्याच्या दक्षिणेला मांडवीची काळी वाळू, उत्तरेला मिऱ्या आणि पांढरा समुद्र. सुगीच्या दिवसांत वारा वायव्येचा, तेव्हा मांडवीची बाजू आडोशाला. पावसाळ्याच्या तोंडाला वारा नैऋत्येला फिरला की मांडवी उघडी पडते आणि टोकाच्या पलीकडची बाजू बरी वाटते. एका गावाला दोन बंदरं का, याचं उत्तर या टोकात आहे. भाट्याच्या खाडीच्या मुखावर काजळी नदीचा गाळ आणि वाळू साचते, त्यामुळे मोठी बोट धक्क्याला लागायचा प्रश्नच नव्हता. आगबोट बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याचे हारे, शेळ्या, सगळं पडावातून, म्हणजे लहान होडीतून ये-जा करायचं. हवामान बिघडलं की बाहेर नांगरलेल्या जहाजाचं काय होतं ते बघायला इतिहासात जायची गरज नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात बसरा स्टार हे जहाज भरकटून मिऱ्याच्या बंधाऱ्यावर चढलं. खलाशी सुखरूप निघाले, जहाज मात्र पुढे बराच काळ तिथेच अडकून होतं. बहुतेकांना त्याच्यापुढे फोटो काढायचा असायचा. मला ते या किनाऱ्यावरच्या वाऱ्याचा धडा वाटतं.

आता घरातलं काम. मे महिन्यात शाकारणी असते, म्हणजे पावसाआधी छपराची कौलं उतरवून पुन्हा नीट लावणं, आणि माणसं मिळाली नाहीत की बरेच जण स्वतःच माळ्यावर चढतात. उतरवलेलं मंगलोरी कौल उलटं करा, ओल्या फडक्याने पुसा आणि तिरक्या उजेडात धरा. कारखान्याचं नाव आणि गाव उठावदार अक्षरांत असतं. मंगळूर, कालिकत, फेरोक ही गावं बहुधा सापडतील. कोकणच्या घराचं छप्पर कुठून आलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलेलं आहे. नुसत्या नावावर थांबू नका, वजन करा. एक कौल साधारण अडीच किलो. हजार चौरस फुटांच्या छपराला चौदाशेच्या आसपास कौलं लागतात. म्हणजे साडेतीन टन. जांभ्याच्या वाटेवर एका बैलगाडीत अर्धा टन धरला तरी एका घराला सात गाड्या, त्यातून फुटतूट वेगळी. तोच माल गलबताने आला तर खाडीच्या तोंडापर्यंत एका खेपेत कित्येक घरांचा येतो. म्हणून जुनी कौलारू घरं मोजताना ती खाडीपासून किती लांब आहेत हे शेजारी लिहा. खाडीकाठ सोडून आत गेलात की गवताचं आणि नळ्याच्या कौलांचं छप्पर किती उशिरापर्यंत टिकलं, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आकृती आपोआप दिसायला लागेल.

या कामात फसायला होतं ते असं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या कारखान्यातल्या कौलावर 1865 असा आकडा असतो. तो पाहून ‘आमचं घर 1865 चं’ अशा पोस्टी फिरतात. ते साल मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं आहे, कौल कधी भाजलं त्याचं नाही. त्याच कारखान्यांचा कारभार पहिल्या महायुद्धानंतर कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला, म्हणून त्या नावाचा ठसा असेल तर कौल त्यानंतरचं एवढं पक्कं सांगता येतं. शिवाय आपल्याकडे कौलं फेकून देत नाहीत. एका घराची उतरली की दुसऱ्याच्या पडवीवर चढतात. म्हणून एका कौलावरून घराचं वय कधी ठरवू नका. छपराच्या निदान चार ठिकाणची कौलं बघा आणि कोणता ठसा जास्त आहे ते लिहा. पडवी, न्हाणी आणि गोठा यांची नोंद वेगळी ठेवा, जुनी कौलं तिथेच जाऊन बसतात.

धक्का बघायचा असेल तर ओहोटी हवी. भरतीचा हिशोब कोळीवाड्यात लहान पोरालाही येतो. तिथीला पाऊणने गुणा, भरती किती वाजता ते मिळतं. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी साडेआठच्या सुमारास. पंचमीला दहा. सकाळी 7 ते 11 च्या दरम्यान पाणी पूर्ण उतरलेलं हवं असेल तर तृतीया ते पंचमी हेच दिवस. शिवाय उधाणाचा जोर दोन-तीन दिवस टिकतो, त्यामुळे तेव्हा पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे जातं. अष्टमीच्या भांगेला गेलात तर पाणी धड चढत नाही की उतरत नाही, पायथा दिसणारच नाही. हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, तेव्हा पाणी वळायच्या आधी वर या. शेवाळ धरलेल्या जांभ्यावर चप्पल टिकत नाही. एकट्याने उतरू नका, आणि पाऊस लागला की हे काम गणपतीपर्यंत बंद ठेवा.

पायथ्याशी काय बघायचं? वर सगळीकडे सिमेंट फासलेलं असतं, पण पाण्याखाली जाणाऱ्या शेवटच्या दोन-तीन थरांपर्यंत गिलावा टिकलेला नसतो. तिथे चिऱ्याचा सांधा दिसतो. सांध्यात पांढरट, नखाने खरवडला तर भुकटी होणारा चुना असेल तर काम जुनं असण्याचा संभव. करडा, कडक सांधा म्हणजे सिमेंट, किंवा जुन्या कामावर नंतर केलेली दुरुस्ती. चिऱ्याची लांबी, रुंदी, उंची तीनही मोजा, कारण हाताने काढलेल्या चिऱ्याची मापं एकसारखी नसतात आणि यंत्राने कापलेल्याची असतात. दोर घासून पडलेल्या खाचा शोधा. अशी खाच बोट बांधायच्या दगडावर एकाच अंगाला, पाण्याच्या बाजूने खोल जाते. तिची खोली मोजा आणि ती कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्रावर बघून लिहा. बोटी कुठल्या बाजूने लागत होत्या ते कळतं. मिरकरवाड्यात मासळीची गडबड असते, तिथे कुणाच्या कामात अडथळा आणू नका. तटरक्षक दल किंवा बंदर खात्याच्या आवारात कॅमेरा काढू नका.

मैलाचे दगडही असेच. जुन्या रस्त्यांच्या कडेला, गडग्यात चिणलेले किंवा गटारात आडवे पडलेले सापडतात. आपल्याकडे मैल जाऊन किलोमीटर आले ते 1960 च्या आसपास, त्यामुळे मैलांचा आकडा असलेला दगड त्याआधीचा. दोन लागोपाठचे दगड मिळाले तर त्यांच्यातलं अंतर 1.6 किलोमीटर भरतंय का ते फोनवर तपासा. भरत नसेल तर एक दगड हललेला आहे, किंवा रस्त्याने वळण बदललंय. दुसरी शक्यता खरी निघाली तर जुना रस्ता बाजूच्या पाणंदीत मिळतो.

फोनवरून करायचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात घाईचं. कोरोनाच्या साथीत आपण ज्या वयाची माणसं गमावली, त्याच वयाच्या माणसांनी कोकणसेवक, कोकणशक्ती, रोहिणी या प्रवासी बोटींतून प्रवास केला. त्यांना ‘आठवणी सांगा’ म्हणून विचारू नका. तसं विचारलं की सगळ्यांकडून एकच ठरलेली गोष्ट येते. असं विचारा: पडावात कुठून चढायचात? पाय भिजायचे का? पडावातून बोटीवर जायला शिडी होती की दार? सामानाचे वेगळे पैसे पडायचे का? बोट दिसली हे गावाला कसं कळायचं? उशीर झाला तर रात्र कुठे काढायची? बाळंतपणाला आलेली बाई कशी चढवायचे? अशा प्रश्नांना खरी उत्तरं येतात, कारण ती अंगाला आठवतात.

साल विचारलं तर मिळणार नाही. तो प्रसंग कोयनेच्या भूकंपाआधीचा की नंतरचा ते विचारा. 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट इथे कुणी विसरलेलं नाही. आणीबाणी हा दुसरा खुंटा, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ते 1998 हा तिसरा. भाड्यावरून काळ ठरवायला जाऊ नका. नवे पैसे 1957 मध्ये आले, पण पंचवीस पैशांना ‘चार आणे’ पुढे कित्येक वर्षं म्हटलं जात होतं. अजून एक मोठी चूक कागदपत्रांत होते. 1 मे 1981 च्या आधीचा ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणजे मालवण, देवगड, वेंगुर्लं धरून. 1880 च्या गॅझेटिअरमधले जिल्ह्याचे आकडे आजच्या रत्नागिरीला चिकटवले की सगळंच चुकतं.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाबद्दल सगळे लिहितात, पण त्याला इथेच का ठेवलं हे वाहतुकीच्या अंगाने क्वचितच कुणी सांगतं. 1886 मध्ये त्याला मद्रासहून समुद्रमार्गे रत्नागिरीला आणलं. इथे रेल्वे नव्हती, देशावर जायचं तर मध्ये सह्याद्री, आणि पावसाळ्यात समुद्रही बंद. राजाला कैदेत ठेवायला इतकी सोयीची जागा शोधून मिळाली नसती. 1910 चा राजवाडा बघताना खाडीकडच्या बाजूने बघा. खाली दिसणारं पाणी हीच तेव्हाची वाट होती.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याबद्दल. ‘तर’ म्हणजे दोन काठांच्या वाड्या जोडणारी, वल्ह्यावर चालणारी होडी. राजीवड्याकडून भाट्याला, आणि अशाच प्रत्येक खाडीत. पूल झाला की ही ‘तर’ एका हंगामात बंद पडते, आणि तिच्यासोबत खाडीत पाणी कुठे खोल आहे, वाळूचा दांडा कुठल्या महिन्यात कुठे सरकतो, हे ज्ञानही जातं. ते कुठल्याही नकाशावर नाही. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळात मांडला गेला, 2021 मध्ये त्याच्या उरलेल्या पुलांची पुन्हा चर्चा होती. पूल हवेतच. अडलेल्या बाईला तरीची वाट बघायला लावणारं जुनं जग परत आणा असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्यासोबत नाही. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेल्या रामदास बोटीत सहाशेहून जास्त माणसं गेली. समुद्राच्या प्रवासाला गोड रंग देणाऱ्यांनी ते विसरू नये.

पण रस्ता हाच एक मार्ग ठेवला तर काय होतं ते 2020-21 च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी पाहिलं. रेल्वे थांबली, एसटी थांबली, हापूस तयार होऊन बागेत उभा. चौदा आणे तयार, म्हणजे जवळजवळ पूर्ण भरलेलं फळ काढलं की ते थांबत नाही, आठ-दहा दिवसांत गिऱ्हाइकाच्या घरी पोचलं पाहिजे. मे 2020 मध्ये एसटीने जुन्या गाड्यांची बाकडी काढून मालवाहतूक सुरू केली आणि रत्नागिरीचा आंबा तीतून मुंबईला गेला. एसटीच्या कामगारांचं त्याबद्दल जितकं कौतुक करावं तितकं थोडं. तरीही तीही रस्त्यावरूनच. घाटात दरड आली की तीही अडते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला या फेरीबोटी गाड्यांसकट माणसं नेतात, म्हणजे पाण्याची वाट अजून चालते. मोठ्या अंतराची बोट पुन्हा आणायची असेल तर आधी गाळाचा आणि वाऱ्याचा हिशोब हवा, आणि तो जुन्या तांडेलांकडे (बोटीच्या म्होरक्यांकडे), तरवाल्यांकडे आहे. नवीन जेटी बांधून तिच्यापुढे गाळ भरला की पैसे गेले. सुशोभीकरण म्हणून जुन्या धक्क्यावर फरशा बसवणं तर त्याहून वाईट, कारण पुरावाच झाकला जातो. माझं मत स्पष्ट आहे: नोंद आधी, फरशी नंतर.

तरीची जागा ओळखायची खूण अशी. रस्ता सरळ पाण्यात जाऊन संपतो, शेवटी थोडा उतार आणि दगडी पायऱ्या, वर वड किंवा पिंपळ, बसायला पार, जवळ एखादं चहाचं बंद दुकान. समोरच्या काठावर बरोबर तसंच काहीतरी असतं. दोन्ही काठ नोंदवा, एकाचीच नोंद निरुपयोगी. तिथून वर चढणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट असेल तर तिची रुंदी आणि पायऱ्या मोजा. डोक्यावर भारा घेतलेली दोन माणसं समोरासमोर जाऊ शकतील एवढी रुंद पाखाडी म्हणजे बाजाराची वाट. त्याहून अरुंद असेल तर ती घरांपुरती.

फोटो काढताना कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा आणि दगडाशेजारी तीस सेंटिमीटरची पट्टी धरा. फोनचं ठिकाण पाच-दहा मीटरने चुकतं, म्हणून जवळची न हलणारी खूण लिहा: विहीर, देऊळ, दर्गा, शाळा. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवलात तर त्यातली जागेची माहिती उडते आणि अक्षरं पुसट होतात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाईलचं नाव वाडी, वस्तू, तारीख, तिथी या क्रमाने द्या.

कमेंटमध्ये आपल्या खाडीतल्या ‘तरी’ची माहिती लिहा: दोन्ही काठांची नावं, ती कोणत्या पुलामुळे बंद पडली, पावसाळ्यात चालायची का, आणि भरतीला कुठे लागायची नि ओहोटीला कुठे. शेवटचं विसरू नका. ओहोटीची जागा बहुतेक वेळा वेगळी असायची आणि तीच आधी विस्मरणात जाते. तरवाल्याचं नाव त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. काजळी, शास्त्री, वाशिष्ठी, अर्जुना, मुचकुंदी या खाड्यांच्या नोंदी आधी एकत्र करू, पाऊस उघडल्यावर दोन्ही काठ पडताळून बघू.